कॉलेजात टाकणे आणि कॉलेज निवडणे



वैशाखाच्या या दिवसांत आमच्या वऱ्हाडात दोन प्रश्न घरोघर ऐकू येतात. एक, पाऊस यंदा केव्हा यायचा, आणि दुसरा, "गुरुजी, पोराले कोन्त्या कॉलेजात टाकू?" पहिल्याचे उत्तर माझ्यापाशी नाही. दुसऱ्याचे उत्तर मी पुष्कळ वर्षे पुष्कळांना दिले. आणि त्यांतले एक उत्तर साफ चुकले, म्हणूनच आज गुरुकुंजात या विषयावर बोलावयास उभा आहे.

गोष्ट साधी आहे. शेजारच्या गावचे एक शेतकरी. चार एकर वावर, त्यात पराटी आणि तूर. मुलगा बारावी बऱ्या गुणांनी उत्तीर्ण झाला, तेव्हा वडील त्याला घेऊन माझ्याकडे आले व त्यांनी वरचाच प्रश्न केला. मुलगा बाजूला उभा होता. त्याला मी एक शब्द विचारला नाही. "अभियांत्रिकीला घाला, दूरच्या मोठ्या शहरात घाला, म्हणजे नाव काढील," असे मी सांगून मोकळा झालो. गुरुजी सांगतात ते खरेच असणार, या विश्वासाने त्या माणसाने कर्ज काढले. मुलगा गेला आणि दीड वर्षाने परत आला. त्याला यंत्रांची गोडी नव्हती. सुटी लागली की तो एका संत्र्याच्या बागेत कलमे बांधत बसे, हे सारे गाव जाणत होते. मीच तेवढे विचारले नव्हते. त्या कॉलेजाचा यात काडीचा दोष नाही. पुढे त्याने कृषीचा अभ्यासक्रम धरला, आज तो रोपवाटिका चालवतो, आणि भेटला की आदराने नमस्कारही करतो. परंतु गेलेली वर्षे गेली, आणि कर्जाचे हप्ते वडील अजून भरीत आहेत.

तेव्हापासून "टाकणे" हा शब्द मला खुपतो. पोते गाडीत टाकतात, पत्र पेटीत टाकतात. पोत्याला कोणी विचारत नाही, की बाबा, तुला कुठे जायचे आहे?

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी निवडीला वावच नव्हता, हे कबूल केले पाहिजे. त्या वेळी वऱ्हाडात कॉलेजच नव्हते. मॅट्रिक झालेल्या मुलाने नागपूरला हिस्लॉप किंवा मॉरिस कॉलेजात जावे, नाही तर थेट पुणे गाठावे. पापळ गावच्या एका शेतकरी कुटुंबात १८९८ साली जन्मलेले पंजाबराव देशमुख अमरावतीचे शिक्षण आटोपून पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गेले, १९२० साली विलायतेस गेले, आणि एडिंबरो व ऑक्सफर्ड येथील पदव्या व बॅरिस्टरी घेऊन १९२६ साली परतले. इतक्या दूर किती जणांना जाता येणार? अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघाले ते १९२३ साली. तेच पुढे विदर्भ महाविद्यालय झाले व आज शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था म्हणून उभे आहे. डॉ. पंजाबरावांनी आपल्याला जे दूर जाऊन शोधावे लागले ते इथल्या मुलांच्या दाराशी यावे म्हणून श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. १९६४ साली अमरावतीला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आले, १९६९ साली अकोल्याला कृषी विद्यापीठ झाले व त्यास त्यांचेच नाव मिळाले, आणि १९८३ साली अमरावतीला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. त्याला आज संत गाडगेबाबांचे नाव आहे.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वी प्रश्न होता, कॉलेज आहे कुठे? आज प्रश्न आहे, इतक्यांतले माझे कोणते? हा दुसरा प्रश्न वरवर सोपा दिसतो; पण कर्ज काढून चुकण्याची सोय याच प्रश्नात आहे. म्हणून त्याचा क्रम नीट लावू.

पहिली पायरी विषयाची. आपल्याकडे आधी कॉलेजचे नाव धरतात आणि तिथे जो विषय मिळेल तो घेतात. हे म्हणजे दुकानाची पाटी पाहून जोडा घेण्यासारखे झाले. चालायचे मात्र जोड्याने असते. मुलाची आवड ओळखायला मोठी कसोटी लागत नाही. कोणी न सांगता तो कशात वेळ घालवतो ते पाहा. ज्या अभ्यासक्रमाला जायचे म्हणतो, त्याच्या पहिल्या वर्षाचे एखादे पुस्तक त्याला आठवडाभर वाचायला द्या. तो धंदा करणाऱ्या एखाद्या माणसाबरोबर, मग तो परिचारक असो, वकील असो की बांधकामावरचा अभियंता, त्याला दोन दिवस घालवू द्या. एवढ्याने पुष्कळ भ्रम गळतात. आणि कित्येकदा आईबापांचे गळतात, मुलाचे नव्हे.

दुसरी पायरी कॉलेजच्या परीक्षेची. कॉलेज मुलाची परीक्षा घेते, तशी आपणही त्याची घ्यावी. प्रथम कागद पाहावेत. महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे? ते स्वायत्त आहे काय? स्वायत्त म्हणजे अभ्यासक्रम व परीक्षा त्याच्या स्वतःच्या, पदवी मात्र विद्यापीठाची. नॅकचे मूल्यांकन झाले आहे काय, आणि झाले असल्यास कोणत्या वर्षी? ज्या अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता लागते, त्याची मान्यता चालू वर्षाची आहे काय? हे सारे संकेतस्थळावर मिळते. परंतु कागदावर थांबू नये. परीक्षा नसतील असा एखादा दिवस धरून मुलाला घेऊन तिथे जावे आणि चार प्रश्न विचारावेत: या विषयाचे कायम शिक्षक किती? गेल्या वर्षी किती प्रयोग प्रत्यक्ष झाले? ग्रंथालय सायंकाळी किती वाजेपर्यंत उघडे असते? वसतिगृहात जागा मिळते की बाहेर खोली पाहावी लागते? हेच प्रश्न मग फाटकाबाहेर चहा पिणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावेत. दोन्ही उत्तरे जुळली तर कॉलेज विश्वासाचे समजावे.

तिसरी पायरी खर्चाची. आपण शुल्काचा आकडा ऐकतो आणि तोच खर्च समजतो. खोलीचे भाडे, खानावळ, एस.टी.चा पास, पुस्तके, परीक्षेचे पैसे आणि सणावाराला घरी येणे हे सारे मांडून, त्याला अभ्यासक्रमाच्या वर्षांनी गुणावे. मग जो आकडा येईल तो खरा. मोझरीहून अमरावती सुमारे तीस-पस्तीस किलोमीटर. जो विषय हवा तो अमरावतीस चांगला शिकवला जात असेल, तर जाऊन-येऊन शिकणाऱ्या मुलाचे खोली-खानावळीचे पैसे वाचतात. उलट रोजचे दोन-तीन तास प्रवासात जातात, हेही त्याच कागदावर लिहावे. दूर जाणे वाईट नाही, जवळ राहणेही कमीपणाचे नाही. काय मिळते आणि काय द्यावे लागते, एवढाच हिशेब.

मदतीच्या वाटाही याच कागदावर याव्यात. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या मुलांसाठी वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना आहे, आणि तिला डॉ. पंजाबराव देशमुखांचेच नाव आहे. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास या वर्गांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. मात्र ही सवलत शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून आलेल्या प्रवेशालाच आहे. संस्थेच्या कोट्यातून जागा घेतली की ती हातची जाते. म्हणून कोणी "थेट जागा देतो, एवढे पैसे आणा" म्हणाला तर थांबावे. देणगी घेऊन प्रवेश देण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे, आणि खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क ठरवण्यास २०१५ च्या कायद्यान्वये प्राधिकरण नेमलेले आहे.

आता चौथी पायरी, अर्जाची. इथे चांगली हुशार मुलेही फसतात. अभियांत्रिकीसाठी राज्याची सीईटी, वैद्यकीयसाठी देशभराची नीट. परीक्षा झाली, गुणवत्ता यादी लागली, की मुलाने आपल्या पसंतीची महाविद्यालये क्रमाने लिहून द्यायची असतात. पुष्कळांची समजूत अशी, की वरचे नाव फार मोठे लिहिले तर ते मिळणार नाही आणि मग खालचेही हातचे जाईल. ही समजूत चुकीची आहे. यंत्र काय करते ते पाहा. ते गुणवत्ता यादीतील वरच्या मुलापासून आरंभ करते. एकेकाची पसंतीची यादी वरून खाली वाचत जाते आणि त्याला लागू असलेली जी पहिली जागा शिल्लक सापडेल ती त्याला देते. तुमचे पहिले नाव भरून गेले असेल तर ते दुसरे पाहते, मग तिसरे. दुसऱ्या नावासाठी तुमचा क्रमांक मागे जात नाही. तेव्हा जे मनापासून हवे ते सर्वांत वर लिहावे. भीतीने क्रम उलटा केला, तर हाती येऊ शकणारी चांगली जागा आपणच सोडतो.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. जिथे जायचेच नाही, असे नाव यादीत लिहू नये. २०२५-२६ च्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांपैकी एक आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी एक मिळाली, की ती जागा कायम धरली जाई व पुढील फेरीत जाता येत नसे. हे नियम दरसाल बदलतात; त्या वर्षाची माहितीपुस्तिका मुलाने स्वतः वाचावी, थोरल्या भावाच्या वेळचा नियम धरू नये. अभियांत्रिकीच्या संलग्न महाविद्यालयांत बहुतांश जागा त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातील मुलांसाठी असतात. आपल्या पाच जिल्ह्यांतल्या मुलांना अमरावती विद्यापीठात त्याचा लाभ होतो. वैद्यकीयची तशी प्रादेशिक विभागणी मात्र २०२० साली रद्द झाली. मागील वर्षी कुठला प्रवेश कोणत्या गुणांवर थांबला, हे आकडे प्रसिद्ध होतात; ते समोर ठेवून यादीत तीन थर करावेत: हवेसे पण अवघड, मिळण्याजोगे, आणि हमखास.

अकरावीचेही आता असेच झाले आहे. २०२५-२६ पासून साऱ्या राज्यात अकरावीचा प्रवेश एकाच केंद्रीय पद्धतीने होऊ लागला व दहापर्यंत पसंती लिहिण्याची सोय झाली. म्हणजे पसंतीक्रम लिहिण्याची विद्या आता सोळाव्या वर्षीच लागते.

एक विनंती हात जोडून करतो. अर्ज सेतू केंद्रात किंवा दुकानात बसून भरला तरी चालेल, पण पसंतीचा क्रम दुकानदाराने ठरवू नये. भ्रमणध्वनीचा क्रमांक मुलाचा किंवा घरचाच द्यावा, परवलीचा शब्द आपल्यापाशी ठेवावा, आणि शेवटचे बटण दाबण्यापूर्वी यादी मुलाने मोठ्याने वाचावी. दाखल्यांचेही तसेच. उत्पन्नाचा, अधिवासाचा, नॉन-क्रिमीलेयरचा दाखला आणि जातवैधता प्रमाणपत्र यांना वेळ लागतो. निकालानंतर साऱ्या तालुक्याची रांग तिवशाच्या तहसिलीत लागते. आज उन्हाळा आहे, रांग लहान आहे. आणि प्रवेश रद्द करायची वेळ आलीच, तर मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याचा संस्थेला अधिकार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ सालीच तसे बजावले आहे.

ज्या मुलाची गोष्ट आरंभी सांगितली, त्याला एक धाकटी बहीण आहे. मागील वर्षी ती बारावी झाली. वडील पुन्हा माझ्याकडे आले, आणि पुन्हा तोच प्रश्न. या वेळी मी त्यांना बसायला सांगितले आणि मुलीला विचारले, "बाई, तुला काय शिकायचे आहे?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सर, मले आधी दोन-तीन कॉलेजं पाहून येऊ द्या, मंग सांगतो." ती थोरल्या भावाबरोबर अमरावती व अकोल्यास जाऊन आली, वही भरून प्रश्न-उत्तरे घेऊन आली, आणि त्यातून तिने स्वतःची यादी केली. कोणते कॉलेज तिने घेतले ते सांगत नाही. सांगितले तर उद्या अर्धा गाव तेच लिहील.

आपल्या मुलांचे निकाल अजून यायचे आहेत. तोवर हे थोडे दिवस आहेत. आज घरी गेल्यावर मुलाला किंवा मुलीला समोर बसवावे, एक कोरा कागद द्यावा, आणि तो भरेपर्यंत आपण गप्प राहावे. मला ते त्या वेळी जमले नाही. आपणांस जमो, एवढे बोलून आपली रजा घेतो.