तुळई कुजते ती रंगाअभावी नव्हे

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत जे मोजके जुने बंगले टिकून आहेत, त्यांतल्या काहींच्या गॅरेजच्या छपराखालून सागवानी तुळयांची तोंडे भिंतीबाहेर आलेली दिसतात. ही तोंडे कुजू लागली की रंग कमी पडला असे मानले जाते आणि मे महिन्यात ऑइल पेंटचा आणखी एक जाड हात मारला जातो. हा समजच नुकसान करतो. लाकूड कुजवते बुरशी, आणि लाकडातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांखाली असेल तर बुरशी वाढू शकत नाही. पावसाळी हवेच्या दमटपणाने छपराखालचे लाकूड सहसा ही मर्यादा ओलांडत नाही; ओलांडते ते थेट पाण्याने. हे पाणी शिरते मुख्यतः छाटलेल्या तोंडातून, कारण झाडात पाणी वर नेणाऱ्या नळ्या तिथे उघड्या पडलेल्या असतात. उन्हाने आणि लाकडाच्या फुगण्या-आकसण्याने रंगाला चिरा जातात. चिरांतून पाणी आत जाते, पण उरलेला अखंड थर ते लवकर बाहेर पडू देत नाही. ठाणे परिसरात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि तेव्हाचे तापमान बुरशीला नेमके मानवते. म्हणून वरून चकचकीत दिसणारी तुळई आतून भुसभुशीत निघते.

सागवानाला काही होत नाही, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. टिकाऊपणा गाभ्याच्या लाकडात असतो. सालीलगतचा फिकट भाग इतर लाकडासारखाच कुजतो, आणि कमी वयाच्या झाडाच्या तुळईत तो भाग जास्त असतो. मग औषध लावले तर? सोन्ती कामेशम यांनी १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण शोधले आणि ते जगभर वापरले गेले. पण त्याचे यश कारखान्यात दाबाखाली लाकडात खोलवर मुरवण्यात आहे. ब्रशने लावलेले औषध पृष्ठभागाखाली फारसे उतरत नाही. बोरॅक्स-बोरिक ॲसिडचे द्रावण ओलसर लाकडात चांगले पसरते, मात्र उघड्यावर पावसाने धुऊनही जाते. जळके ऑइल तर लावूच नये. ते पाण्याबरोबर मातीत उतरते आणि गाडी उभी राहते त्या जागी आगीला खाद्य पुरवते.

खरे संरक्षण पाणी तोंडावर येऊच न देण्यात आहे. पाखे तुळईच्या पुढे वाढवावे. तेवढी जागा नसेल तर तोंडावर उताराची पत्र्याची टोपी बसवावी, पण लाकडाला चिकटवून नव्हे. मधून हवा खेळली पाहिजे. प्लास्टिक गुंडाळणे म्हणजे ओल आत कोंडणे. तुळई भिंतीत शिरते तिथे सिमेंट ठासून भरणे हीदेखील तीच चूक आहे. पन्हळ तुंबली नाही ना, हे पावसाळ्याआधी पाहावेच. रंग वर्ज्य नाही. उन्हापासून तो लाकूड वाचवतो, फक्त ते पूर्ण वाळल्यावर आणि थर जमवण्याऐवजी आत मुरणारा लावावा. त्याआधी तुळईच्या तोंडाशी आणि भिंतीलगत स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. तो सहज आत गेला, तर रंगारी बोलावण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा आणि तोवर त्या छपराखाली गाडी उभी करू नका.