तलवार म्यानात ठेवून खेळायचा मास्टर मोड

निन्टेंडोचा ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ ३ मार्च २०१७ला आला. चार महिने व्हायच्या आतच, ३० जूनला, ‘द मास्टर ट्रायल्स’ या विकतच्या पुरवणीतून त्याचा मास्टर मोडही आला. हायरूलचा तोच मुलूख, तीच गोष्ट, नायक लिंकही तोच. शत्रू मात्र तगडे. या मोडबद्दल गेमर मंडळी ज्या गोष्टी छातीठोकपणे सांगतात, त्यातल्या बऱ्याच अर्धवट आहेत आणि काही साफ चुकीच्या. त्या खऱ्या धरून खेळायला बसणारा पहिल्या तासाभरातच वैतागून उठतो.

“शत्रूंचा मार वाढवलाय, बाकी काही नाही”

खरा बदल माराच्या आकड्यात नाही, शत्रूच्या दर्जात आहे. प्रत्येक शत्रू एक पायरी वर सरकतो: जिथे लाल बोकोब्लिन असायचा तिथे निळा, निळ्याच्या जागी काळा, काळ्याच्या जागी रुपेरी. रुपेरीच्या वर सोनेरी नावाचा नवाच थर येतो, जो साध्या मोडमध्ये कुठेच दिसत नाही. ऐकायला हा बदल किरकोळ वाटतो. आकडे पाहा. लाल बोकोब्लिनची जीवनशक्ती १३, निळ्याची ७२. खेळ सुरू होतो त्या ग्रेट प्लॅटोवर तुमच्या हाती सहसा ट्रॅव्हलर्स सोर्ड असते. तिचा एक वार ५ अंकांचा आणि साधारण वीस वारांत ती मोडते. साध्या मोडमध्ये तीन वारांत एक शत्रू आडवा व्हायचा, म्हणजे एका तलवारीत सहा. मास्टर मोडमध्ये एकाला पंधरा वार लागतात, म्हणजे एका तलवारीत जेमतेम एक आणि उरलेले पाच वार. छावणीत तीन बोकोब्लिन शेकोटीभोवती बसलेले असतील, तर समोरून चालून जाणं हा निव्वळ तोट्याचा सौदा.

म्हणूनच हा मोड सर्वांत अवघड असतो तो सुरुवातीला. शेवट त्या मानाने सोपा जातो. ग्रेट प्लॅटोवर लायनेल नावाचा एक जबर शत्रूसुद्धा आणून ठेवलाय. त्याच्याशी लढावं अशी बनवणाऱ्यांची अपेक्षा असेल असं मला वाटत नाही. पळता येतं का, एवढंच ते बघत असावेत.

“शत्रूची जखम भरून येते, मग लढाई जिंकणार कशी?”

मास्टर मोडला सर्वांत जास्त शिव्या याच गोष्टीसाठी बसतात आणि मोडचा सगळा जीवही यातच आहे. शत्रूला काही वेळ फटका बसला नाही की त्याची जीवनशक्ती हळूहळू वाढू लागते. चार जणांना थोडं थोडं मारत फिरणं, लांबून एखादा बाण सोडून दगडाआड लपणं, फुकटचे रिमोट बॉम्ब टाकत शत्रूला झिजवणं या साध्या मोडमधल्या आवडत्या युक्त्या त्यामुळे एका फटक्यात निकामी होतात. हातात घेतलेला शत्रू संपवूनच दुसऱ्याकडे वळायचं. ते जमणार नसेल तर त्याच्या वाटेलाच जायचं नाही.

पण शत्रूला तलवारीनेच मारलं पाहिजे असा नियम या खेळाने कधीच केलेला नाही. बोकोब्लिन आणि मॉब्लिन यांना पोहता येत नाही. खोल पाण्यात पडले की खेळ खलास, मग जीवनशक्ती ७२ असो की १०८०. कोरोक लीफ या मोठ्या पानाच्या एका फुंकरीने कड्यावरून किंवा धक्क्यावरून त्यांना खाली लोटता येतं. विजेचा बाण लागला की हातातलं शस्त्र गळून पडतं, ते आपण उचलायचं. शत्रूची शस्त्रंही दर्जेदार असल्यामुळे हा दुहेरी लाभ. बर्फाच्या बाणाने गोठवलेल्या शत्रूवरचा पहिला घाव तिप्पट लागतो आणि त्याच घावाने बर्फ फुटतो. म्हणून तो घाव हाताशी असलेल्या सर्वांत जड शस्त्राने घालायचा, मग ते कितीही संथ असलं तरी चालेल. वादळात वीज कडाडत असेल तर आपली लोखंडी तलवार शत्रूच्या पायाशी टाकून दूर व्हावं, बाकीचं आभाळ बघून घेतं. हे सगळं साध्या मोडमध्येही होतंच. तिथे त्याची गरज पडत नाही, म्हणून निम्म्या लोकांना ते ठाऊकच नसतं.

आभाळाकडे आणखी एका कारणाने लक्ष ठेवावं लागतं. ऑक्टो बलूनांनी उचलून धरलेले लाकडी तराफे या मोडमध्ये जागोजागी तरंगत असतात. त्यांवर तिरंदाज असतात आणि बहुतेकदा पेटीही. फुगे फोडले की तराफा खाली. सुरुवातीच्या काळात बरी शस्त्रं मिळवण्याचा माझ्या मते हाच सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

“हात चपळ नसतील तर नादाला लागू नका”

ऐन क्षणी उडी मारून वार चुकवला की काळ मंदावतो आणि फ्लरी रशची, म्हणजे सपासप वार करायची, संधी मिळते. ऐन क्षणी ढाल पुढे केली की पॅरी होते, म्हणजे वार परतवला जातो. दोन्ही शिकावं, पण त्यांच्यावर मोड अवलंबून नाही. उलट पॅरीवर पोसलेल्या खेळाडूलाच मास्टर मोड खास चकवतो. गार्डियन या चालत्या यंत्राचा लेझर ढालीने तीनदा परतवला की तो कोसळतो, हे गणित साध्या मोडमध्ये अंगवळणी पडलेलं असतं. इथे गार्डियन नेम धरून मध्येच थबकतो आणि ठरलेल्या ठेक्यावर ढाल उचलणारा भाजून निघतो. ठेका पाठ न करता प्रत्यक्ष झोत सुटण्याकडे डोळा ठेवायचा, किंवा सरळ डोळ्यात एक एन्शंट ॲरो मारून मोकळं व्हायचं. जाता जाता आणखी एक: लेझर परतवायला भारी ढाल लागते हाही समज खोटा. पॅरी अचूक असेल तर भांड्याचं झाकणही पुरतं आणि ते झिजत नाही.

“शस्त्रं तुटतात, म्हणून चांगली जपून ठेवावीत”

जपून ठेवलेली शस्त्रं खेळ संपला तरी जपलेलीच राहतात. शस्त्र ज्या घावाला तुटतं तो घाव दुप्पट लागतो. त्यामुळे मोडायला आलेली तलवार फेकून न देता मोठ्या शत्रूसाठी राखावी. लायनेलच्या तोंडावर बाण मारून तो गुडघ्यावर आला की त्याच्या पाठीवर चढता येतं, आणि पाठीवरून केलेल्या वारांनी शस्त्र जराही झिजत नाही. आपलं सर्वांत ताकदवान शस्त्र काढायची हीच ती वेळ. ज्या शत्रूला लोक सर्वांत जास्त घाबरतात, त्याच्याच पाठीवर शस्त्राचा खर्च शून्य!

“हार्ट वाढवले की शत्रूही वाढतात”

हा समज इतका पक्का आहे की काही जण हार्ट मिळवून देणारी श्राइन, म्हणजे कोड्यांची छोटी मंदिरं, करायचंच टाळतात. प्रत्यक्षात खेळ तुमचे हार्ट किंवा चिलखत पाहत नाही. तो मारलेले शत्रू मोजतो. प्रत्येक जातीच्या शत्रूला मारल्याचे छुपे गुण जमा होतात, पण त्या जातीच्या पहिल्या दहा बळींपर्यंतच. डिव्हाइन बीस्ट या महाकाय यंत्रांमधल्या, खलनायक गॅननच्या अवतारांचे गुण बरेच जड असतात. हे गुण वाढतील तसे शत्रू आणि सापडणारी शस्त्रं दोन्ही वरच्या दर्जाची होतात. म्हणजे श्राइन खुशाल करा. हार्ट किंवा स्टॅमिना मिळतो आणि शत्रूंना त्याची खबरही लागत नाही. मास्टर मोडमध्ये आधी श्राइन आणि मग मारामारी, हा क्रम म्हणूनच फायद्याचा.

मेलेले शत्रू परत जिवंत करणाऱ्या ब्लड मूनचंही तसंच. जास्त शत्रू मारले म्हणून तो लवकर उगवत नाही. त्याचं घड्याळ वेळेवर चालतं: खेळातले सात दिवस, म्हणजे आपले सुमारे २ तास ४८ मिनिटं. कधी तो अवेळी उगवतो, तेव्हा यंत्राची मेमरी भरत आलेली असते आणि पडदा झाकून खेळ घर आवरून घेत असतो.

जेवणाबद्दल थोडक्यात. दोन वेगवेगळे परिणाम देणारे जिन्नस एकाच भांड्यात टाकले तर दोन्ही परिणाम जातात. बार्बेरियन चिलखताचा पूर्ण संच घालून वर मारा वाढवणारं मायटी बनानाचं जेवण केलं तरी मारा दीडपटीच्या पुढे जात नाही. तिसरी पातळी हीच मर्यादा. संच अंगावर असेल तर त्याऐवजी हार्ट वाढवणारं हार्टी ड्युरियन शिजवा.

“हा मोड म्हणजे नुसती फुगवलेली जीवनशक्ती”

हा आक्षेप मात्र खोडून काढण्यासारखा नाही, निदान पूर्णपणे. रुपेरी लायनेलची जीवनशक्ती ५०००, सोनेरीची ७५००. त्याला मारताना नवीन काही सुचावं लागत नाही. तेच ते, दीडपट वेळ. पहिल्या पंधरा-वीस तासांत जो मोड डोकं चालवायला लावतो, तोच अखेरीस चिकाटीची परीक्षा बनतो. ‘ट्रायल ऑफ द सोर्ड’ या आव्हानात मात्र दोन्ही एकत्र येतात: शस्त्रं, कपडे, अन्न सगळं काढून घेऊन ४५ मजले लढायचे. बक्षीस म्हणून मास्टर सोर्डचा मारा ३०वरून कायमचा ६० होतो. मास्टर मोडमध्ये त्याचे पहिले मजले बदनाम आहेत आणि ती बदनामी रास्त आहे. हातात फांदी, समोर जखम भरून येणारे निळे बोकोब्लिन. तिथे एकेकाला पाण्यात लोटण्याचं कसब असलेला पुढे जातो.

हा मोड खुला व्हायला आधी मूळ खेळ संपवावा लागतो, असंही सांगितलं जातं. तसं नाही, पुरवणी घेतली की सुरुवातीच्या मेन्यूतूनच तो निवडता येतो आणि त्याचा सेव्ह साध्या खेळापासून वेगळा राहतो. मात्र इथे एक ऑटोसेव्ह आणि एक हाताने केलेला सेव्ह, एवढंच मिळतं. १२ मे २०२३ला आलेल्या ‘टीअर्स ऑफ द किंगडम’मध्येही मास्टर मोड दडलेला आहे, या आशेवर असलेल्यांनी ती सोडावी. निर्माते एइजी आओनुमा यांनी त्या खेळाला पुरवणी काढण्याचा विचार नसल्याचं त्याच वर्षी सांगून टाकलं होतं.