धुराड्याकडे बघताना पायाखालची धूळ

पेण म्हटले की गणेशमूर्ती आणि पोह्याचे पापड आठवतात. त्याच तालुक्यात, वडखळजवळ मुंबई-गोवा महामार्गाला खेटून डोलवीचा पोलाद कारखाना उभा आहे. ‘इस्पात’ कंपनीने उभारलेला हा कारखाना २०१०च्या अखेरीस जेएसडब्ल्यूने घेतला. आज त्याची क्षमता वर्षाला १ कोटी टन आहे. एवढे पोलाद तयार होताना हवेत काय काय मिसळू शकते?

सुरुवात धरमतर खाडीतल्या जेट्टीपासून करावी लागते. तिथे खनिज आणि कोळसा उतरतो, सरकत्या पट्ट्यांवरून आत जातो, ढिगांत पडतो. प्रत्येक पडण्याबरोबर धूळ उठते. तिच्यातले १० मायक्रॉनपर्यंतचे कण म्हणजे ‘पीएम १०’. ते घसा आणि श्वासनलिकांना त्रास देतात. ज्वलनातून निघणारे बरेचसे कण २.५ मायक्रॉनहूनही बारीक, म्हणजे ‘पीएम २.५’ असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. हे बारीक कण फुफ्फुसाच्या पार तळापर्यंत जातात, काही रक्तातही उतरतात. दमा वाढतो, हृदयविकाराचा धोकाही वाढतो.

पुढे भट्ट्या लागतात. कोळसा आणि खनिजातले गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो. दम्याच्या रुग्णाला तो मिनिटांत जाणवतो. प्रचंड उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन जुळून नायट्रोजन ऑक्साइड बनतात. कोकभट्टीची दारे नीट बंद झाली नाहीत, तर बेन्झीन निसटते. त्याचा रक्ताच्या कर्करोगाशी संबंध सिद्ध झालेला आहे. झोतभट्टीच्या वायूत विषारी कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो, पण तो इंधनही आहे. म्हणून पोलाद कारखान्यांत तो गोळा करून, स्वच्छ करून पुन्हा जाळतात.

दोष एकट्या भट्ट्यांचा नाही. याच महामार्गाचे पळस्पे-इंदापूर चौपदरीकरण २०११मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. उखडलेला रस्ता, त्यावरून जाणारे डिझेलचे ट्रक, खडी-मातीची वाहतूक या सगळ्याची धूळ आणि धूर याच पट्ट्यात मिसळतात. वाहनांचे नायट्रोजन ऑक्साइड आणि इंधनाच्या वाफा यांच्यावर ऊन पडले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो ना धुराड्यातून निघतो, ना सायलेन्सरमधून.

जसा प्रदूषक, तसा उपाय. धुराड्यातले कण विजेच्या भाराने खेचून घेणारी यंत्रे आणि कापडी पिशव्यांची गाळणी पकडतात. वायू चुन्यासारख्या द्रव्यांनी धुतात. उघड्यावरच्या धुळीला मात्र यातले काहीच लागू पडत नाही. तिथे पट्टे झाकणे, ढिगांवर पाणी फवारणे, ट्रकवर ताडपत्री बांधणे, चाके धुऊनच गाडी बाहेर सोडणे आणि रस्ता झाडणे हेच कामी येते. उंच धुराड्याचा धूर दूरवर पसरून विरळ होतो. जमिनीलगतची धूळ जवळच्याच वस्तीत शिरते.

२००९च्या राष्ट्रीय मानकांनुसार हवेत पीएम १०चे वार्षिक प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आणि पीएम २.५चे ४० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये पीएम २.५साठी सुचवलेली मर्यादा तर अवघी ५ आहे. १९८१च्या हवा कायद्याखाली अशा उद्योगांना महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र घ्यावे लागते आणि त्यात अटी लिहिलेल्या असतात. या खाडीकाठच्या खारेपाटातल्या ग्रामपंचायतींनी त्या वाचाव्यात, धुराड्याच्या आकड्यांबरोबर जेट्टी, ढीग आणि रस्त्यावरच्या धुळीचाही हिशेब मागावा.