जुन्या मोटारीचें ढिलें स्टिअरिंग

बदलापुराहून बारवी धरणाकडे जातांना वळण येतें. जुन्या प्रीमियर पद्मिनीचें स्टिअरिंग दोन बोटें फिरतें, चाकें मात्र स्वस्थच! मग मालक स्टिअरिंग-पेटीचा स्क्रू आवळून घेतो; तो हाताशीं असतो, सांधे चिखलांत. कुर्ल्यास बनलेल्या या मोटारींच्या पेटींत मळसूत्री दांडा व त्यावर फिरणारा रूळ असतो. मोटार बहुधा सरळ धांवते, म्हणून झीज मध्यावर अधिक. ती लपविण्यासाठीं स्क्रू फार आवळला, तर पूर्ण वळणांत रूळ अडतो. स्टिअरिंग आपोआप परतत नाहीं. आधीं टायरांतील हवा पाहावी. मग एकानें स्टिअरिंग किंचित् डावें-उजवें हलवावें, दुसऱ्यानें टायरॉडच्या सांध्यांवर बोट ठेवावें. अलीकडची दांडी हलून पलीकडची स्थिर राहिली, तर तो सांधा बदलावा. त्यानंतरही ढिलाई उरली, तरच चाकें सरळ ठेवून स्क्रू अगदीं थोडा आवळावा.