मांजर, मिरगी आणि टॉर्चचा रिपोर्ट

बाळाला झटके येतात, डॉक्टर ‘टॉक्सोप्लाझ्मा’ म्हणतात आणि घरातली बोटं आधी मांजराकडे वळतात, मग आईकडे. वाशीमच्या मालेगावात काय किंवा आणखी कुठे काय, घरात धान्याची पोती म्हटलं की मांजर आलंच.

मांजराचा दोष आहे, पण थोडा. हा परजीवी त्याच्या आतड्यात वाढतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. मात्र हे बहुधा पहिल्या लागणीनंतरचे एक-दोन आठवडेच चालतं. शिवाय विष्ठा ताजी असताना बाधत नाही. त्याला निदान एक दिवस जावा लागतो. नुसतं कुरवाळल्यानं सहसा काही होत नाही. लागण होते ती अर्धकच्च्या मटणातून, न धुतलेल्या सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) जुडीतून, दूषित पाण्यातून, वावरातल्या मातीच्या हातांनी. निंदायला जाणाऱ्या गरोदर बाईला मांजर हाकलण्यापेक्षा जेवणाआधीचा साबण जास्त कामाचा.

सर्वांत महागात पडतो तो रिपोर्टाचा गैरसमज. गरोदरपणातल्या संसर्गांसाठीच्या ‘टॉर्च’ रक्ततपासणीत ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ दिसलं की घरात रडारड सुरू होते. खरं तर त्याचा अर्थ बहुतेकदा एवढाच, की लागण पूर्वी कधीतरी होऊन गेली. अशा आईच्या बाळाला सहसा धोका नसतो. धोका असतो तो गरोदरपणातच पहिल्यांदा लागण झाली तर. ताज्या लागणीची खूण मानलं जाणारं ‘आयजीएम’ही कित्येक महिने पॉझिटिव्ह राहू शकतं, म्हणून एका कागदावर गर्भपाताचा निर्णय घेणं चूकच.

गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत परजीवी बाळापर्यंत क्वचित पोचतो, पण पोचला तर मेंदूत पाणी साचतं, चुन्याचे ठिपके पडतात, व्रणांमुळे झटके येतात. १९३९ साली न्यूयॉर्कच्या वुल्फ, कॉवेन आणि पेज यांनी नोंदवलेल्या, अशीच जन्मजात लागण झालेल्या मुलीला जन्मानंतर तिसऱ्या दिवशीच झटके आले होते. उलट, लागण झालेली बरीच बाळं जन्मतः ठणठणीत दिसतात आणि डोळ्यांचा त्रास वर्षांनी उद्भवतो. तपासणी सोडू नये.

परजीवीवरच्या औषधानं जुने व्रण पुसले जात नाहीत. मिरगीची गोळी वेगळी, ती मनानं बंद करायची नाही. झटका आला तर कुशीवर वळवा. चप्पल, कांदा हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. मिरगी संसर्गानं पसरत नाही. विवाह रद्द ठरवण्याच्या कारणांतून हिंदू विवाह कायद्यानं ती १९९९ मध्येच वगळली, सोयरीक जुळवणारे मात्र अजून विचारतातच.