शिस्तभंगाच्या कारवाईनंतर परिचर्या व्यवसायातील पुनर्प्रवेश : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
ग्रामीण मराठवाड्यातील मुलींना स्थिर वेतनाची नोकरी मिळवून देणाऱ्या मोजक्या व्यवसायांत परिचर्येची गणना करावी लागते. १ मे १९९९ रोजी परभणीचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेल्या हिंगोली जिल्ह्यात सामान्य रुग्णालयापासून उपकेंद्रापर्यंत दैनंदिन रुग्णसेवेचा मोठा भार अधिपरिचारिका व आरोग्य सेविका यांच्यावर आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचेही उद्घाटन झाले. अशा परिचारिकेवर एकदा कारवाई झाली की तिचे शिक्षण वाया गेले, असे कुटुंबीय आणि पुष्कळदा ती स्वतःही गृहीत धरते. कायद्याची भूमिका मात्र तशी नाही. प्रस्तुत लेखात या भूमिकेचे विवेचन केले आहे.

नोकरी आणि नोंदणी :
परिचारिकेचा संबंध दोन स्वतंत्र यंत्रणांशी येतो. नियोक्ता तिला नोकरी देतो. व्यवसाय करण्याचा अधिकार मात्र नोंदणीतून मिळतो. महाराष्ट्रात ही नोंदणी महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ अन्वये महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे आली. नोकरी गेली म्हणून नोंदवहीतील नाव आपोआप कमी होत नाही. त्यासाठी स्वतंत्र चौकशी आणि बाजू मांडण्याची संधी आवश्यक असते. २०२३ मध्ये संसदेने केलेल्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगविषयक कायद्यातही व्यावसायिक गैरवर्तनाचा विचार राज्य आयोगाकडे सोपवून त्याविरुद्ध अपिलाची तरतूद ठेवलेली आहे.

एका शब्दाचे अंतर :
बोलण्यात ‘निलंबन’, ‘काढून टाकणे’ आणि ‘बडतर्फी’ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. शिकलेली माणसेही यास अपवाद नाहीत. वस्तुतः निलंबन ही शिक्षाच नव्हे. चौकशी चालू असताना कर्मचाऱ्यास कामापासून दूर ठेवण्याची ती व्यवस्था असून त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो. अजयकुमार चौधरी प्रकरणात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने दोषारोपपत्र न देता तीन महिन्यांपलीकडे निलंबन लांबवू नये असे स्पष्ट केले आणि महाराष्ट्र शासनाने ९ जुलै २०१९ च्या निर्णयाने ते स्वीकारले.

शिक्षांची यादी महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये आहे. ठपका ठेवणे, वेतनवाढ रोखणे इत्यादी किरकोळ शिक्षांनी नोकरी जात नाही. खरा प्रश्न शेवटच्या दोन शिक्षांचा आहे. ‘सेवेतून काढून टाकणे’ ही शिक्षा भावी शासकीय नोकरीस अनर्हता ठरत नाही, तर ‘बडतर्फी’ सामान्यतः तशी अनर्हता ठरते. दोन्हींत नोकरी जातेच. परंतु पहिलीत पुन्हा अर्ज करण्याचा मार्ग खुला राहतो. आदेश हाती पडल्यावर त्यातील नेमका शब्द वाचणे म्हणूनच अत्यावश्यक ठरते. राज्य शासनाच्या सेवेतील परिचारिकेस या आदेशाविरुद्ध विभागीय अपील व त्यानंतर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठाकडे दाद मागता येते. जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकेस १९६४ चे स्वतंत्र नियम लागू असून तिचा मार्ग न्यायाधिकरणातून जात नाही.

कंत्राटी परिचारिकेची अडचण :
९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षास लागलेल्या आगीत दहा बालके दगावली. त्यानंतरच्या कारवाईत प्रभारी परिचारिकेला निलंबित करण्यात आले, तर कंत्राटी परिचारिकांची सेवा समाप्त करण्यात आली. घटना एकच, कक्षही एकच. परंतु नियमित परिचारिकेपुढे निलंबनानंतर चौकशीचा टप्पा होता, कंत्राटी परिचारिकांची नोकरी थेट संपली. दुर्घटनेतील दोष कोणाचा हा निराळा विषय आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, दोषनिश्चितीची रीत नियुक्तीच्या प्रकारावर अवलंबून राहिली, आणि हे न्याय्य म्हणता येणार नाही. दीप्ती प्रकाश बॅनर्जी प्रकरणात (१९९९) परिवीक्षाधीन कर्मचाऱ्याच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने साधी सेवासमाप्ती व कलंक लावणारी सेवासमाप्ती यांत भेद केला. गैरवर्तनाचा ठपका हाच आदेशाचा पाया असेल तर चौकशीविना तो टिकत नाही. कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या वादातही हे तत्त्व पुढे केले जाते.

पुन्हा अर्ज करताना :
नव्या अर्जात वा साक्षांकन नमुन्यात पूर्वीच्या कारवाईविषयी प्रश्न असल्यास तो टाळण्याचा मोह होतो. अवतार सिंग प्रकरण (२०१६) फौजदारी प्रकरणांची माहिती दडविण्यासंबंधी होते. मागितलेली माहिती खरीच असली पाहिजे, असे न्यायालयाने त्यात सांगितले. मात्र खरे सांगितले म्हणून नियोक्त्यावर नेमणुकीची सक्ती होत नाही, हेही त्याच निकालात आहे. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या परिचारिकेबाबत तर मूळ परिषदेकडूनच तिच्या नोंदणीची स्थिती मागविली जाते.

ब्रिटनमध्ये नोंदवहीतून नाव काढलेल्या परिचारिकेस पाच वर्षांनंतर पुनर्नोंदणीचा अर्ज करता येतो. त्या वेळी झालेल्या चुकीची तिला आलेली जाणीव आणि मधल्या काळात अद्ययावत ठेवलेले ज्ञान यांचा विचार होतो. आपल्याकडे अशा परिचारिकेने मधल्या काळात काय करावे याचे मार्गदर्शन परिचर्या महाविद्यालयांच्या उजळणी वर्गांतून देता येण्यासारखे आहे. जिल्हा पातळीवर त्यासाठी वेगळ्या यंत्रणेची गरज नाही.