बसायला मऊ, उठायला अवघड: सोफा बनवणाऱ्यांना नेमकं काय शिकवलं जातं?

दुकानात दोन मिनिटं बसून पसंत केलेला सोफा घरी आल्यावर वेगळाच वाटायला लागतो. तासाभरात कंबर भरून येते. घरातल्या आजी त्यात एकदा बसल्या की उठताना कुणीतरी हात द्यावा लागतो. अशा वेळी दोष गुडघ्यांना दिला जातो, सोफ्याला नाही.

खरं तर बैठकीची उंची किती, खोली किती, आत फोम कोणता हे सगळं कुणीतरी ठरवलेलं असतं. ते ठरवायचं कसं, हे शिकवण्याच्या दोन वेगळ्या शाळा आपल्याकडे आहेत आणि त्यांची एकमेकींशी फारशी ओळख नाही.

पहिली शाळा डिझाइन संस्थांची. अहमदाबादची एनआयडी १९६१ मध्ये सुरू झाली, आयआयटी मुंबईतलं आयडीसी १९६९ मध्ये. इथे अर्गोनॉमिक्स शिकवतात, म्हणजे माणसाने वस्तूशी जुळवून घेण्याऐवजी वस्तू माणसाच्या शरीराशी जुळवून घेण्याचं शास्त्र. दुसरी शाळा उल्हासनगर किंवा ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारामागच्या वर्कशॉपमध्ये भरते. तिथे उस्तादाच्या हाताखाली पट्टे ताणणं, फोम कापणं, पायपिंग शिवणं, कापड ओढून पिना मारणं शिकता येतं. पहिल्या शाळेत आकडे असतात, दुसरीत हात.

सरासरी माणूस कुठे भेटतो?

डिझाइनच्या वर्गात बहुतेकदा सुरुवात मोजपट्टीने होते. मुलं एकमेकांची मापं घेतात: जमिनीपासून गुडघ्यामागच्या खोलगट भागापर्यंतची उंची, पाठीपासून गुडघ्यामागपर्यंतची लांबी, बसल्यावर कोपर किती उंचीवर येतं. मग लक्षात येतं की सरासरी काढून खुर्ची बनवली तर ती कुणालाच नीट बसत नाही.

याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकी हवाई दलाचं आहे. १९५० मध्ये गिल्बर्ट डॅनियल्स यांनी ४,०६३ वैमानिकांची दहा मापं तपासली. दहाही मापांत सरासरीच्या आसपास असलेला एकही वैमानिक सापडला नाही.

म्हणून डिझायनर सरासरीऐवजी टोकं बघतात. बैठकीची उंची ठरवताना ठेंगण्या माणसाचा विचार करायचा, कारण उंच माणूस पाय पुढे पसरू शकतो, पण ठेंगण्याचे पाय लांब होत नाहीत. बैठकीची रुंदी मात्र अंगाने मोठ्या माणसाला धरून ठरवायची.

आता हे आकडे कुणाचे घ्यायचे? बराच काळ हाताशी होती ती पाश्चात्त्य लोकांची मापं. देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीयांच्या शरीरमापांवरचं पुस्तक एनआयडीने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलं आणि डिझाइनच्या विद्यार्थ्यांना घरचा आधार मिळाला. फरक किती पडतो, ते साध्या हिशेबाने कळतं. बाजारात १८ इंची, म्हणजे सुमारे ४६ सेंटिमीटर उंचीची खुर्ची सर्रास मिळते. एखाद्या बाईंच्या गुडघ्यामागची उंची ३९ सेंटिमीटर असेल आणि चपलेचे २ धरले, तरी टाचा ५ सेंटिमीटर अधांतरी राहतात. खुर्चीची कड मांडीखाली रुतते, पायाला मुंग्या येतात. मग त्या पुढे सरकून बसतात आणि पाठीचा आधार सुटतो. एवढा खर्च करून घेतलेली 'लंबर सपोर्ट'वाली खुर्ची स्टूल होऊन जाते.

फोममध्ये गणित फसतं

इथवरचं सगळं कागदावर जमतं. खरी गंमत पुढे आहे, आणि अभ्यासक्रमात तिला पुरेसा वेळ मिळायला हवा.

विद्यार्थी सोफ्याच्या ड्रॉइंगवर बैठकीची उंची ४५ सेंटिमीटर लिहितो. माणूस बसतो, फोम दबतो, खालचे पट्टे ताणले जातात आणि प्रत्यक्ष उंची ३८ वर येते. आता गुडघे कमरेपेक्षा वर जातात. उठण्यासाठी पावलं मागे ओढून वजन पुढे न्यावं लागतं. बैठक खोल असेल तर तेही जमत नाही. म्हणजे जी उंची शरीराला जाणवते, ती ड्रॉइंगमध्ये नसतेच. ती फोम, पट्टे आणि कापड मिळून ठरते. म्हणूनच चांगल्या वर्गात प्लायवूडचं खोकं करून, त्यावर वेगवेगळे फोम टाकून, वेगवेगळ्या वजनाच्या माणसांना बसवून दबलेली उंची मोजायला लावतात.

फोमबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज 'डेन्सिटी'चा आहे. '४० डेन्सिटी' म्हणजे त्या फोमच्या एका घनमीटरचं वजन ४० किलो. त्यावरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो, तो कडक आहे की मऊ ते कळत नाही. कडकपणा वेगळा मोजतात: फोम ठरावीक प्रमाणात दाबायला किती जोर लागतो, त्यावरून. एकाच डेन्सिटीचे दोन फोम, एक कडक आणि एक मऊ, असू शकतात. कारागिराला हे तळहाताने कळतं. तो खाली रिबॉण्डेडचा कडक थर टाकतो, वर मऊ फोम, त्यावर फायबरची पातळ चादर. हे त्याने कुठल्या तक्त्यात वाचलेलं नसतं.

कापडाचंही तसंच. न ताणणारं जाड रेक्झिन घट्ट ओढून बसवलं, तर खालचा महागडा फोम शरीराप्रमाणे दबू शकत नाही. आपण रेक्झिनवर बसतो, फोमवर नाही.

१९९४ मध्ये आलेल्या हर्मन मिलरच्या एरॉन खुर्चीने फोमच काढून टाकला आणि ताणलेली जाळी बसवली. शिवाय ती तीन मापांत बनवली, बुटांसारखी. आपल्याकडची वेताने विणलेली बैठकही शरीराप्रमाणे वाकते आणि पाठीला हवा देते. ही विणकामाची कला अनेक अंधशाळांमध्ये वर्षानुवर्षं शिकवली गेली.

मग आदर्श खुर्ची कोणती?

अशी खुर्ची नाही. ठेंगण्या माणसाला कमी उंची हवी, तर गुडघे दुखणाऱ्याला उठण्यासाठी जास्त उंची, कडक बैठक आणि पक्के हात हवेत. एकाच घरात दोघंही असतात. जुन्या सोफ्याच्या पायांखाली दोन इंची लाकडी ठोकळे पक्के बसवले की वयस्कर माणसाचं उठणं सोपं होतं, पण नातवाचे पाय लोंबकळतात. कुणासाठी बनवायचं हे आधी ठरवणं, हाच डिझाइनचा पहिला धडा.

शाळांच्या बाकांवर तर हा धडा पोहोचलेलाच नाही. युरोपच्या ईएन १७२९ मानकात शालेय खुर्च्या-टेबलांना उंचीनुसार मापं आणि रंग ठरवून दिले आहेत. आपल्याकडे अनेक शाळांत पाचवीचं मूल आणि दहावीचं मूल एकाच मापाच्या बाकावर बसतं.

दोन शाळांमधली दरी बुजवायचे प्रयत्न अगदीच होत नाहीत असं नाही. फर्निचर क्षेत्रासाठी वेगळी स्किल कौन्सिल आहे. अनुभवी कारागिराच्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. पण प्रमाणपत्र त्याला आधीच येत असलेल्या कामाचं मिळतं. गुडघ्यामागची उंची मोजायला त्याला कुणी सांगितलेलं नसतं, कारण गिऱ्हाईक ती विचारत नाही. गिऱ्हाईक विचारतं कापडाचा रंग.

तेव्हा पुढच्या वेळी सोफा करून घेताना घरातल्या सगळ्यात ठेंगण्या आणि सगळ्यात वयस्कर माणसाला सोबत न्या. नमुन्याच्या सोफ्यावर निदान पंधरा मिनिटं बसा. पाठ टेकून बसल्यावर तळवे जमिनीला पूर्ण टेकतात का, बैठकीची कड आणि गुडघ्यामागचा भाग यांत दोन-तीन बोटं जातात का, हात न टेकता उठता येतं का, हे बघा. आणि कारागिराला नुसती डेन्सिटी विचारू नका. माणूस बसल्यावर उंची किती राहील, ते विचारा.